चिकटपट्ट्यांची खोली

संकट आलं तर दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी नाही, हे तुम्ही मनातल्या मनात ठरवून ठेवलंय का? लगेच नाही म्हणू नका. बहुतेकांनी ठरवलेलं असतं, फक्त मोठ्याने बोललेलं नसतं. आमच्या घरात बोललेलं होतं. चार माणसं: बाबा, आई, ताई आणि मी. मागच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची मापून आणि एका माणसाला किती हवा लागते याचा हिशेब करून बाबांनी हा आकडा काढला होता. त्यात पाचव्याला जागा नव्हती.

बाबा वाघोडियाला रसायनांच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहायचो, अजूनही तिथेच राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं खूप. वायुगळती झाल्यास काय करावं, आग लागल्यास काय करू नये, अशी कारखान्यात उरलेली पत्रकं बाबा पिशवी भरून आणायचे. आजोबांच्या पेटीत त्याहून जुनी होती, युद्धातल्या ब्लॅकआउटच्या काळातली, पिवळी पडून पापडासारखी झालेली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती या कागदांवरून. झाका. विझवा. ओळखा. थांबा. जगात बोलण्याची दुसरी रीत असते हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेत ‘माझी आई’ हा निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी लिहिलं होतं, ‘आईला वेळीच ओळखा. ती पोळ्या करत असताना सुरक्षित अंतर ठेवा.’ आईने तो निबंध कित्येक दिवस फ्रिजवर लावून ठेवला होता.

मागच्या खोलीच्या खिडकीला बाबांनी आतून जाड प्लास्टिक लावलं होतं आणि त्याच्या चारही कडा खाकी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. दाराच्या फटीसाठी पट्ट्या आधीच कापून कपाटाच्या आतल्या बाजूला हलक्या हाताने चिकटवून ठेवलेल्या असायच्या, ओढल्या की निघतील अशा. दाराखाली ठेवायला जुना टॉवेल, तो भिजवायला पाण्याचा कॅन, कोरडा खाऊ, टॉर्च. कुठल्या तरी रविवारी दुपारी बाबा अचानक ताटलीवर चमचा वाजवायचे. तो आमचा सायरन. मग आम्ही चौघं हातातलं टाकून आत जायचो, बाबा दार लावून पट्ट्या फिरवायचे आणि जग बाहेर राहायचं.

तिथला उजेड मला अजून स्वप्नात दिसतो. बडोद्याचं पांढरं, डोळ्यांत घुसणारं ऊन त्या प्लास्टिकमधून येताना मवाळ व्हायचं, दुधाच्या पिशवीच्या आत बसल्यासारखं वाटायचं. बोलायचं नाही हा नियम होता, कारण बोलण्यात हवा खर्च होते. पंखा बंद. रस्त्यावरच्या रिक्षा, खालच्या मजल्यावर पाढे म्हणणारी मुलं, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, सगळं दूरच्या गावातून येत असल्यासारखं यायचं. आई पापडीच्या शेंगांची परात घेऊनच आत शिरायची आणि सोलत बसायची. त्या शेंगांचा हिरवा वास खोलीभर व्हायचा. ताई माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची आणि मी ती ओळखायची. बाबा डोळे मिटून आमचे श्वास ऐकत बसायचे. माझा बाप आम्हाला मोजतोय, हे मला कळायचं. त्या मोजण्यात इतकं प्रेम होतं की त्या खोलीत मला कधीच भीती वाटली नाही. उलट दार उघडलं की वाईट वाटायचं.

मोठी झाले, कॉलेजात गेले, मोर्च्यांची पत्रकं वाटणाऱ्यांच्या घोळक्यात सामील झाले, आणि मग एका दिवाळीत घरातली सगळी जुनी पत्रकं पुन्हा वाचली. या वेळी मला त्यांतले काही शब्द टोचले. ‘तुम्ही आणि तुमचे कुटुंब.’ ‘अपरिचित व्यक्तीस आत घेऊ नये.’ ‘आपल्याकडील साठ्याविषयी वाच्यता करू नये.’ एखादी गल्ली असते, जिना असतो, तिथे राहणारी माणसं एकमेकांना दही लावायला विरजण मागतात, हे त्या कागदांना माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी प्रत्येक घर हा एक किल्ला होता आणि बाकी सगळं जग धूर.

मी बाबांशी भांडले. म्हटलं, “ही तयारी नाही, ही फितुरी आहे. खालच्या मजल्यावर माणसं मरत असताना आपण वर पट्ट्या लावून बसायचं?”

बाबा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, “आधी स्वतःचा मास्क, मग शेजाऱ्याचा. विमानातसुद्धा हेच सांगतात.”

“विमानात मास्क सगळ्यांसाठी असतात, बाबा.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “विमानात बसलंय कोण तुमच्यापैकी?”

भांडण तिथेच संपलं. खोली तशीच राहिली. ताई नोकरीसाठी पुण्याला गेली तरी बाबांनी हिशेब बदलला नाही.

आमच्या खाली, तळमजल्यावर, एक सर राहतात. गुजराती. त्यांनी आयुष्यभर कारेलीबागेतल्या मुलांना गणित शिकवलं, मीही त्यांच्याच शिकवणीला होते. त्यांच्या बायकोला सगळे मासी म्हणतात. सर बाबांना ‘सेफ्टीभाई’ म्हणून चिडवायचे आणि बाबा त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे. सरांची किडनी निकामी झाली तेव्हापासून ते घरीच पोटाचं डायलिसिस करतात. पोटात बसवलेल्या बारीक नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग शरीरातलं विष घेऊन आलेलं ते पाणी काढून नवं भरायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. रोज. त्या पिशव्यांचे खोके त्यांच्या पलंगाखाली रचलेले असायचे. आम्ही ते बघितले होते आणि बघूनही त्यांचा कधी विचार केला नव्हता.

मग तो पूर आला. तारीख सांगायची गरज नाही, बडोद्यात कोणालाही विचारा. आजवा धरणाचं पाणी आलं, मगरींची विश्वामित्री नदी फुगली आणि सकाळी उठून बघतो तर आमच्या सोसायटीत रस्ताच नव्हता. पाणी ओरडत आलं नाही. ते चहाच्या रंगाचं होतं, गप्प होतं, आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून आपल्या अंगाखाली घेत होतं. पार्किंगमधल्या स्कूटरचे फक्त आरसे वर राहिले होते आणि त्यांत आभाळ दिसत होतं. कोणाचा तरी प्लास्टिकचा टब आपला आपण फाटकाकडे निघाला होता, जणू त्याला कोणी बोलावलं होतं. मीटर खाली असल्यामुळे वीज आधीच बंद केली होती. पंख्याचा आवाज नाही, पंपाचा नाही, टीव्हीचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला अख्खी सोसायटी त्या मागच्या खोलीसारखी वाटली.

तळमजल्यावरची माणसं वर आली. सर सगळ्यांत शेवटी आले, कारण आधी खोके वर आले. मी आणि आईने ते एकेक करून उचलून आणले. सर पायरीवर उभे राहून पाण्याकडे बघत म्हणाले, “दीकरा, आज तो मगर पण ट्युशनमां आवशे!”

“मगरीकडून फी आगाऊ घ्या,” मी म्हटलं.

आमचा हॉल भरला. ओल्या चपला, ओले पंजे झाडणारं कोणाचं तरी कुत्रं, रडून झोपलेलं बाळ, ओल्या गाद्यांचा आणि गटाराचा वास. वरच्या मजल्यांवर सगळ्यांच्याच घरांत तीच गत होती. मासी खोक्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. दुपार होत आली तशा त्या सारख्या सरांकडे बघायला लागल्या. दुपारची पिशवी लावायची वेळ जवळ येत होती आणि त्याला लागते कोरडी, बंद, धूळ नसलेली जागा. जरा घाण आत गेली तर पोटात जंतू शिरतात. आणि पुरात अडकलेल्या माणसाच्या पोटात जंतू शिरले, तर त्याला दवाखान्यात नेणार कोण आणि कशातून?

नेमक्या त्याच वेळी फोनवर तो निरोप आला. कोणी पाठवला, कुठून आला, काही पत्ता नाही. वाघोडियाच्या बाजूला एका कारखान्यात पाणी शिरलंय, वायू सुटलाय, घराबाहेर पडू नका. एकाच्या फोनवर आला, मग सगळ्यांच्या. बाबांचा चेहरा मी बघत होते. घाबरलेला नव्हता तो. अख्खं आयुष्य ज्या गाडीची वाट बघितली, ती फलाटाला लागताना माणूस जसा उभा राहील, तसे ते उभे राहिले.

ते आईच्या आणि माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, “आपण तिघं मागच्या खोलीत जाऊ. एकेक करून. गडबड नको. या लोकांच्या लक्षात येता कामा नये.”

घरात आम्ही बोलतो त्या मराठीत निम्मे शब्द गुजराती असतात. त्या दिवशी बाबांनी ते वेचून बाजूला काढले होते. त्यांना वाटलं, हे कुलूप पुरेसं आहे.

सोफ्यावरून सर अतिशय सावकाश, क्रमिक पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाले, “सेफ्टीभाई, तुमच्या अर्ध्या ज्ञातीच्या मुलांना मी त्रैराशिक शिकवलं आहे. मराठी आम्हाला समजते हो.”

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. हॉलमधल्या सगळ्यांना समजलं होतं. बडोद्यात मराठीत काही लपवायचं हे फक्त आमच्यासारख्यांनाच सुचतं.

मला लाज वाटली आणि मी पेटले. “मी नाही जाणार आत,” मी मोठ्याने म्हटलं. “बाबा, मला तुमची हवा नको.”

“तुला कळत नाहीये,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. “मी बघितलंय वायूने माणसाचं काय होतं. तू फक्त वाचलंयस.”

ते खरं होतं.

सर उठले, भिंतीला धरून उभे राहिले. “भाई, मला अर्धा तास ती खोली द्या,” ते म्हणाले. “बंद आहे, कोरडी आहे, वारा नाही. मला असलीच लागते. माझं झालं की मी बाहेर, तुम्ही आत.”

“आणि मधेच वायू आला तर? मास्तर, एकदा पट्ट्या लावल्या की मला दार उघडता येणार नाही. तुम्ही आत, माझी मुलगी बाहेर.”

“खरं आहे,” सर म्हणाले. “पण भाई, तुमचं विष वाघोडियाहून यायचं आहे. माझं घरातच आहे. ते वाऱ्याची वाट बघत नाही.”

बाबा मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिले, आणि मला कळलं की ते अजून हिशेबच करतायत. लांबी, रुंदी, उंची. तेवढ्यात आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. चार-पाच घरांचा चहा करून ती घामाघूम झाली होती.

“अहो, ताईच्या वाटची हवा शिल्लक आहे ना?” ती म्हणाली. “ती सरांना द्या की. एवढा काय विचार करताय?”

बाबांनी बाह्या वर केल्या.

त्यानंतर मी बघितलं ते बाबा मला ठाऊक नव्हते. किंवा तेच होते, नुसते आता बाहेरच्यांकडे तोंड करून उभे राहिलेले. त्यांनी खोलीतला साठा ढिगाने बाहेर काढला आणि कोणाकडे न बघता हॉलमध्ये ठेवला. फरशी पुसली, टेबल पुसलं, पिशवी टांगायचा खिळा स्पिरिटने पुसला. मला म्हणाले, “पिशवी अंगाइतकी कोमट लागते. पाण्यात बुडवायची नाही. शेकायची रबरी पिशवी भर आणि दोन्ही शालीत गुंडाळ.” मी ते गाठोडं पोटाशी धरून बसले. नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखं जड आणि मऊ होतं ते. मासींनी पिशवीतून दवाखान्याने दिलेलं सूचनापत्रक काढून बाबांच्या हातात दिलं, कारण त्यांचा चष्मा खाली पाण्यात राहिला होता. बाबा मोठ्याने वाचायला लागले.

“दारे व खिडक्या बंद करा. पंखा बंद करा. नाक व तोंड झाका. अनावश्यक बोलणे टाळा.”

ते थांबले. पुन्हा एकदा ती ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मग म्हणाले, “मास्तर, हे तर आमचंच आहे.”

“मग पास व्हाल,” सर म्हणाले.

मासी आणि सर आत गेले. दाराच्या पट्ट्या बाबांनी बाहेरून लावल्या, हळुवार, कोणाच्या तरी कपाळावर औषधाची पट्टी ठेवावी तशा. दाराखाली टॉवेल सरकवला आणि तिथेच, दाराला पाठ लावून खाली बसले. ते बाहेर होते. ज्या हवेला ते जन्मभर भ्यायले, त्या हवेत, ओल्या चपलांच्या मधोमध, कुत्र्याच्या शेजारी, आमच्याबरोबर. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. खिडकीतून वारा येत होता. दर झुळुकीला ते नाकाने हलकेच हवा ओढायचे, थोडी धरून ठेवायचे, मग सोडायचे. गटार. रॉकेल. आल्याचा चहा. पुन्हा गटार. हॉलमधली माणसं हळूहळू त्यांच्याबरोबर श्वास घ्यायला लागली होती, हे त्यांना कळलंही नसेल. बाबा आत ओढायचे, सगळे ओढायचे. बाबा सोडायचे, सगळे सोडायचे. बाहेर पाण्यावर ऊन पडलं होतं आणि त्याची जाळी आमच्या छतावर हलत होती. ती जाळी, ते एकत्र श्वास, मनगटावरची ती पकड. वेळ जात होता की नाही, सांगता येत नव्हतं.

शेवटी कोणीतरी बाळाचा लंगोट बदलत म्हणालं, “सेफ्टीकाका, गॅस आला तर सांगा हां. आमचं नाक तर आता मेलं.” मग सगळे हसले, बाबासुद्धा.

वायू आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की तो निरोप खोटा होता. पण ती अफवा होती म्हणून बाबांना कोणी हसलं नाही, मीही नाही. खरी असू शकली असती. बाबांना ते माहीत होतं आणि तरी त्यांनी दार बाहेरून लावलं होतं.

पाणी काही दिवस राहिलं. ते दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत विरघळून गेलेत. चुलीवर ठेवल्यासारखी उकडणारी दुपार, वर अगाशीत, म्हणजे गच्चीवर, भिजून वाळलेल्या चादरी, नावेतून येणाऱ्या दुधाच्या पिशव्या. रोज ठरलेल्या वेळी हॉलमध्ये कोणीतरी म्हणायचं, “सरांची वेळ झाली,” आणि सगळे आपोआप आवाज खाली आणायचे. बाळाला दुसऱ्या घरी नेलं जायचं. पट्ट्या लागायच्या. आत पाणी बदललं जायचं.

प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर सर एक गोष्ट करायचे. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी ते एखाद्या छापील कागदावर धरायचे. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ, पोटात जंतू नाहीत. गढूळ दिसलं तर संपलं. मासी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि आम्ही सगळे वाकून बघायचो. बाबा कोरडा कागद शोधायला धावायचे. कधी जुनं वर्तमानपत्र, कधी साबणाचं वेष्टन, कधी त्यांच्या कारखान्याचं एखादं पत्रक. फिकट सोनेरी पाण्यातून अक्षरं थोडी मोठी होऊन, डुलत वर यायची. सर ती शिकवणीतल्यासारखी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग मासी डोळे उघडायच्या.

पाणी उतरलं त्या दिवशी तळमजल्यावर घोट्याएवढा चिखल होता. तो सुकेपर्यंत सर आमच्याकडेच राहिले. शेवटच्या सकाळीही पिशवी स्वच्छ निघाली. सर म्हणाले, “सेफ्टीभाई, पास.” बाबा आत गेले आणि सोसायटीतल्या सगळ्यांना पुढच्या वेळी कुठे कुठे ठेवायचं याचा विचार करत खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांचं मोजणं सुटणार नाही. मला ते सुटायला नकोही आहे. पट्टी असू द्या, टॉर्च असू द्या, कोरडा खाऊ असू द्या. जुन्या लोकांनी भीतीपोटी जे जे शिकून ठेवलं, ते सगळं उपयोगाचं आहे. चुकलं होतं ते एवढंच, की त्यांनी मोजायला सुरुवात घराच्या आतून केली. जिन्यातून करायला हवी होती, आणि त्यातही ज्याला सगळ्यांत आधी धाप लागेल, त्याच्यापासून.

मी पत्रकांवर वाढलेली आहे, त्यामुळे शेवटी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे वाचून झालं की उठा. तुमच्या जिन्यातलं प्रत्येक दार वाजवा आणि विचारा: वीज गेली, पाणी भरलं, रस्ता बंद झाला, तर तुमच्या घरात कोणाचं काय अडेल? कोणी यंत्रावर असेल, कोणी सुईवर, कोणी पिशवीवर. त्यांना तुमच्या घरात बोलवा, तुमची सगळ्यांत कोरडी खोली दाखवा, आणि सांगा की वेळ आली तर ही तुमची. आज सांगा. पाणी यायच्या आधी.